निअँडरथलची आखणी

पळसुलेबाईंनी पुतळ्याच्या तोंडाकडे बघितलं, दोन पावलं डावीकडे सरकल्या, परत उजवीकडे आल्या आणि म्हणाल्या, "हा माझ्याकडे का बघतोय?"

कारखान्यात पुतळ्याजवळ आम्ही तिघं उभे होतो, कामावरची पोरं मागे. अण्णा, म्हणजे माझे वडील. विलास, माझा धाकटा भाऊ. आणि मी. अण्णांना वाटलं, बाई कौतुक करतायत. ते खुशीत म्हणाले, "तुमच्याकडेच नाही, सगळ्यांकडे बघतो. दारात उभ्या राहा, खिडकीतून डोकवा, नजर सोडायचा नाही. पेणचा डोळा आहे तो, बाई."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "त्याने नाही बघायचं आपल्याकडे. आपण आहोत हेच त्याला ठाऊक नाही."

अण्णा हसायचे थांबले. विलासने माझ्याकडे बघितलं आणि मी उगीचच रंगाच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं.

आमचा कारखाना गणपतीचा. पेणात गणपतीचा कारखाना म्हणजे नवल नाही, दर चार घरांआड एक आहे. मधल्या रिकाम्या महिन्यांत कोणाचे अर्धपुतळे, कोणाच्या देवळाचे द्वारपाल अशी कामं यायची. पण निअँडरथल पहिलाच. एक नवीन संग्रहालय होणार होतं, त्यात माणसाच्या जन्मापासूनचं दालन, आणि त्या दालनाच्या सल्लागार डॉक्टर वृंदा पळसुले. हाडांच्या डॉक्टर नव्हे हो, म्हणजे हाडांच्याच, पण जुन्या. निअँडरथल म्हणजे आपल्यासारखीच, पण आपल्याहून वेगळ्या जातकुळीची माणसं. युरोपात आणि त्या बाजूला राहायची, आपण तिथे पोचलो आणि पुढे ती संपली. चाळीस हजार वर्षं झाली म्हणे. ही ऑर्डर विलासने आणली तेव्हा अण्णा आधी नाहीच म्हणाले होते. मग बाई स्वतः कवटीचा ठसा घेऊन आल्या आणि अण्णा तो हातात फिरवत तासभर बसून राहिले. भुवईचं जाडजूड हाड, पसरट नाक, आणि हनुवटी जवळपास नाहीच. "देवाने घाईत सोडलेला दिसतो," असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी शाडू मळायला बसले.

अंग त्यांनी झकास केलं. एक गुडघा वर घेऊन, मान जरा खाली घालून बसलेला, रुंद छातीचा, चाळिशीचा वाटणारा माणूस. डाव्या हातात गरुडाची नखी, उजव्या हातात दगडाची धारदार कपची. त्या कपचीने तो नखी साफ करतोय. शाडूवरून साचा काढला, साच्यातून फायबरचा पुतळा निघाला, कातडीला रंग चढला. कामावरची पोरं त्याला पाहुणा म्हणायला लागली. पाहुण्याला चहा दाखवा, पाहुण्याच्या अंगावर कापड टाका, असं चालायचं. शेवटी अण्णांनी एका सकाळी दार लोटून घेतलं आणि डोळे आखले. आमच्याकडे डोळे नेहमीच सगळ्यांत शेवटी.

आणि डोळे त्यांनी काढले ते गणपतीचे. म्हणजे सोंडवाल्याचे नव्हेत, पण नजर तीच. चौरंगासमोर पाटावर बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की देव माझ्याकडेच बघतोय, अशी जरा खाली उतरलेली, समोरच्याला सामावून घेणारी नजर. पन्नासएक वर्षं हाताला तेच वळण. त्या नजरेसाठी लोक पनवेल, ठाणे, कुठून कुठून यायचे. आता तीच नजर हनुवटी नसलेल्या, अंगावर कातडं गुंडाळलेल्या माणसाच्या तोंडावर बसली होती आणि तो गुहेतला गडी बघणाऱ्याला आशीर्वाद देतोय असं दिसत होतं. बाई चुकीचं बोलत नव्हत्या. मला ते आधीच दिसलं होतं, पण अण्णांनी काढलेल्या डोळ्यांवर आमच्या घरात कोणी बोलत नसे.

बाईंचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांची नजर खाली पाहुण्याच्या गळ्यावर गेली. तिथे माझं काम होतं. कारखान्यात माझ्याकडे दागिने. मुकुट, बाजूबंद, कंठी, शेल्याची जर, सगळं माझ्या हातचं. माझं सासर पेणातच, त्यामुळे घरचं आवरलं की मी सकाळी माहेरच्या कारखान्यात हजर, लग्नाआधी होते तशीच. बाईंनी एका नखीचा ठसा नमुन्याला पाठवला होता. मी त्यावरून आणखी नख्या ओतल्या, घासून गुळगुळीत केल्या, मधली मोठी, बाजूच्या उतरत्या, अशा चामड्याच्या दोरीत ओवून पाहुण्याच्या गळ्यात घातल्या. विलास म्हणाला होता, ताई, ह्याच्यापुढे तुझी कंठी फिकी. मलाही तसंच वाटत होतं.

बाईंनी माळ हातात धरून बघितली. छान झालीय म्हणाल्या. मग त्याच्या डोक्यावरून अलगद काढली आणि माझ्या हातात दिली.

"नख्या सापडल्यात, मंदाताई. दोरा सापडलेला नाही."

मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना, की एका गुहेत एकाच जागी आठ नख्या मिळाल्या, त्या एकमेकींवर घासून चकचकीत झाल्यात म्हणून. मग दोऱ्याशिवाय घासल्या कशा? बाई म्हणाल्या, पिशवीत असतील. हातात खुळखुळ्यासारख्या धरल्या असतील. माळ असेलही, बरेच जण माळच म्हणतात. पण माझ्या दालनात जे सापडलं तेवढंच दिसेल. मला भयंकर राग आला. एवढं काम करून हातात परत, ते पण पोरांसमोर. मी माळ डब्यात टाकली आणि डबा जरा जोरातच फळीवर ठेवला.

मग बाई मुद्द्यावर आल्या. शुक्रवारी ट्रक यायचा होता. तोवर डोळे पुसून नवे काढा, तो हातातल्या नखीकडे बघताना दिसला पाहिजे. नाहीतर पुतळा मला घेता येणार नाही, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

अण्णा एकच वाक्य बोलले. "आमच्याकडे काढलेले डोळे पुसत नाहीत."

आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

हे खरंच होतं. आमच्या घरची रीत आहे ती. मुकुट चुकला तर खरवडतो, पितांबराचा रंग बदलतो, सोंड मोडली तर जोडतो. पण डोळे एकदा उघडले की उघडले. मग तो देव असो की देवळाबाहेरचा द्वारपाल. चुकले तर ती मूर्ती गिऱ्हाइकाला जात नाही, पण डोळ्यांना हात लावायचा नाही. विलास ओट्यावर जाऊन समजूत घालू लागला. हा काय देव आहे का अण्णा, फायबरचा तर पुतळा, टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की झालं, हवं तर मी पुसतो, तुम्ही नवे काढा. अण्णा रस्त्यावरची रिक्षा बघत राहिले.

विलासला कळत नव्हतं असं नाही. त्याला पण ठाऊक होतं आणि मला पण. अडचण पुसायची नव्हती, नवे काढायची होती. अण्णांचा उजवा हात कापायला लागला होता.

कधीपासून ते नेमकं सांगता येणार नाही. आधी चहा बशीत सांडायला लागला, तर अण्णांनी बशीच सोडली, ग्लासातून पिऊ लागले. मग डोळ्यांची आखणी करताना उजव्या मनगटाखाली डाव्या हाताची मूठ आली. मग दार लोटून आखणी सुरू झाली. गेल्या गणपतीत एक एक डोळा करायला त्यांना इतका वेळ लागायचा की पोरं बाहेर ताटकळायची, आणि आम्ही सगळे म्हणायचो, अण्णा आता फार बारकाईने करतात. गणपतीची ती एक नजर मात्र त्यांच्या हाताला इतकी पाठ होती की कापरा हातसुद्धा तिथेच जाऊन थांबायचा. दुसरी नजर काढायची म्हणजे हाताला नवीन वाट दाखवायची. ते आता होणार नव्हतं आणि हे या घरात कोणी तोंडातून काढायचं नव्हतं.

आता माझं सांगते. मला डोळे हवे होते.

आमच्याकडे बायका माती मळतात, साच्यात भरतात, घासतात, रंगवतात, सोन्याचा वर्ख लावतात. आजीने केलं, आईने केलं. डोळे मात्र घरातल्या कर्त्या पुरुषाने काढायचे. का, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, विचारून काय उत्तर येणार ते ठाऊक होतं. अण्णांनंतर विलास, हे ठरलेलं. विलास माणूस सोन्यासारखा, व्यवहार चोख, पण डोळ्यांचा हात त्याला नाही. त्याने एका वर्षी चारपाच मूर्तींना डोळे काढून बघितले होते, तर एकेका बाप्पाचा चेहरा घरी गॅस चालू राहिल्याची आठवण झाल्यासारखा. त्यानंतर त्याने स्वतःच नाद सोडला. मी मात्र सोडला नव्हता. मागच्या पडवीत न्हाणीघराच्या उरलेल्या टाईल होत्या. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की मी त्यांच्यावर डोळे काढायचे आणि फडक्याने पुसून टाकायचे. म्हणजे या घरातलं महापाप मी रोज दुपारी करत होते. उघडे, मिटत आलेले, रागावलेले, तिरके, म्हाताऱ्याचे, तान्ह्या बाळाचे. चाळिशी उलटलेल्या बाईने चोरून हे करावं याची मला लाज वाटायची. पण सोडवत नव्हतं.

त्यामुळे त्या दिवशी मला काय वाटत होतं ते खरं सांगायचं तर दोन्ही वाटत होतं. अण्णांची मानहानी होऊ नये असं वाटत होतं, आणि आता तरी कोणीतरी म्हणेल, मंदाला काढू दे, असंही वाटत होतं. कोणी म्हटलं नाही.

संध्याकाळी पळसुलेबाई परत आल्या. त्या लॉजवर उतरल्या होत्या, चालत आल्या. मी पडवीत ब्रश धूत होते. माझा राग गेला नव्हता, पण घरी आलेल्या माणसाला चहा तर द्यावा लागतो. चहा घेऊन त्या माझ्याजवळ पायरीवरच बसल्या आणि पिशवीतून एक छोटी डबी काढली. त्यात दुसऱ्या एका नखीचा ठसा होता, आधी पाठवलेल्यापेक्षा बारीक कामाचा. माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, बघा, कापल्याच्या खुणा दिसतात का.

मी उजेडाकडे धरून फिरवली. आधी काही दिसेना. मग मुळाशी, जिथे नखी बोटाला जोडलेली असते तिथे, केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. एकाआड एक, सगळ्या एकाच दिशेने. माझ्या तोंडून निघून गेलं की याचा हात चांगला होता, रेघ कुठे घसरलेली नाही. बाई हसल्या. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं हसू.

मी विचारलं, एवढं दिसतंय तर माळ घालायला काय हरकत होती? तेव्हा त्यांनी मला त्या फुलांचं सांगितलं. तिकडे इराकमधल्या एका गुहेत पुरलेला एक निअँडरथल सापडला. त्याच्या आसपासच्या मातीत फुलांचे परागकण निघाले. मग सगळीकडे झालं की या लोकांनी आपल्या माणसाला फुलं वाहिली होती. बाई नव्याने शिकवायला लागल्या होत्या तेव्हा हे वर्गात सांगायच्या, पोरांचे डोळे ओले व्हायचे. पुढे कोणी म्हणालं, बिळं करणाऱ्या उंदरांनी फुलं आत नेली असतील. कोणी म्हणालं, मातीत घरं करणाऱ्या मधमाश्यांनी. अजून भांडण मिटलेलं नाही.

"ज्यांना मी रडवलं होतं ती पोरं आता स्वतः शिकवतात," बाई म्हणाल्या. "त्यांना कुठे कुठे गाठून सांगू, की बाबांनो, कदाचित उंदीर असतील म्हणून?"

माझा त्यांच्यावरचा राग जरा कमी झाला. मी म्हटलं, बरं, पुरावा राहू दे, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? त्या म्हणाल्या, मला वाटतं त्याला कोणी विचारत नाही आणि ते बरंच आहे. थोडा वेळ चहा पीत राहिल्या. मग आपणहून बोलल्या.

"एवढं मात्र मी छातीठोक सांगते. गरुडाच्या पायाला मांस नसतं. खायला म्हणून तो कोणी इतक्या निगुतीने कापत नाही. त्याला ती नखी हवी होती. कशाला, ते मला माहीत नाही. पण हवी होती."

मी नखीकडेच बघत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या, हे मला उशिरा कळलं. म्हणाल्या, असंच. तुम्ही आत्ता बघताय ना, तसं बघणारा हवाय मला तो.

मी चटकन मान वर केली, तर त्या म्हणाल्या, आता गेलं.

त्या गेल्यावर मी न्हाणीघरातला आरसा काढून आणला, डब्यातल्या माळेची एक नखी मांडीवर धरली आणि तिच्याकडे बघताना आपण कसे दिसतो ते आरशात बघायला गेले. ते काही जमेना. आरशाकडे बघितलं की नखीवरची नजर उठणार, साधी गोष्ट. शेवटी विलासच्या बायकोला भाजी निवडताना बघितलं. ती मान खाली घालून मेथी खुडत होती, आणि तिचे डोळे मला दिसतच नव्हते. दिसत होत्या त्या पापण्या. पापण्यांखाली नुसती एक ओली काळी रेघ. मी तिथेच उभी राहून बघत बसले, तर ती म्हणाली, ताई, काय झालं, जुडी खराब आहे का?

सकाळी अण्णा ओट्यावर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसले होते. मी समोर जाऊन बसले. सांगितलं, की डोळे पुसायचे नाहीत. झाकायचे.

त्यांना आधी कळलं नाही. मी माझी मान खाली घातली आणि मांडीवरच्या हाताकडे बघितलं. म्हटलं, आता माझे डोळे दिसतात का? फक्त पापणी दिसते. पाहुण्याचे तुम्ही काढलेले डोळे आहेत तिथेच राहतील. त्यांच्यावर एम-सीलची पापणी चढवायची, खाली ओढून आणायची. पापणी करणं म्हणजे काही आखणी नव्हे, घडाईच आहे ती. ती मी करू शकते.

अण्णा माझ्या पापण्यांकडे बघत राहिले. चहावर साय धरली. मग त्यांनी विचारलं, "पापणी किती खाली आणशील?"

मी बोटाने दाखवलं. ते म्हणाले, एवढी आणलीस तर झोपलेला दिसेल. खाली फट ठेवायला लागेल. आणि उठले. मला वाटलं होतं निदान दुपारपर्यंत हुज्जत चालेल, तर हे निघालेसुद्धा.

एम-सील त्यांनी स्वतः मळलं. मळायला हात कापला तरी चालतो. मळून गोळ्या माझ्या हातात देत गेले आणि मी पापण्या चढवत गेले. वरची पापणी गोल आणली तर बाई वाटते, सपाट आणली तर आंधळा वाटतो. अण्णा मागे उभे राहून सांगत होते, डावीकडे थोडी जास्त दाब, नाकाकडची घडी राहू दे, चाळिशीच्या माणसाला तिथे घडी असते. त्यांनी काढलेले ते प्रेमळ डोळे हळूहळू आत गेले. त्यांना कोणी हात लावला नव्हता, आजही ते तिथेच आहेत. मी पापणी वाळल्यावर घासली, कातडीचा रंग दिला. या सगळ्यात तो दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बघायला आल्या.

त्या काही बोलायच्या आधीच दिसत होतं, की काम अर्धंच झालंय. पापणीखालच्या फटीत जुन्या पांढऱ्या रंगाची पट्टी तेवढी उरली होती. पाहुणा आता कोणाकडे बघत नव्हता, पण नखीकडेही बघत नव्हता. मोतीबिंदू झाल्यासारखा बसला होता. त्या फटीत बुबुळाची कड यायला हवी होती. बरोबर तिथे, जिथून नजर खाली हातावर पडेल. तांदळाच्या दाण्याएवढी जागा, आणि ती घडाई नव्हती. ती आखणीच होती.

अण्णांनी ब्रश घेतला.

विलास दारात उभा होता, बाई माझ्या शेजारी. अण्णांनी डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवलं आणि ब्रशचं टोक फटीजवळ नेलं. टोक हवेत फिरायला लागलं. ते मागे झाले, श्वास घेतला, परत नेलं. परत तेच. आम्ही सगळे कुठे कुठे बघत होतो. मी पाहुण्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते, तो अंगठा मला आजही डोळे मिटून काढता येईल.

"उजेड नाही इथं," अण्णा म्हणाले.

पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट पाहुण्याच्या तोंडावर आलं होतं. विलास गेला आणि त्याने ट्यूबलाइट लावली. भावाबद्दल मला त्या क्षणी इतकी माया वाटली की काय सांगू. अण्णांनी तिसऱ्यांदा ब्रश नेला. मग खाली आणला, रंगाच्या कपावर आडवा ठेवला आणि डोळे चोळले.

"मला तिथलं दिसत नाही. मंदा, तू घे."

ज्या माणसाला ब्रशचा सुटलेला एक केस अख्ख्या कारखान्यापलीकडून दिसायचा तो हे म्हणत होता. विलास म्हणाला, हो अण्णा, चष्म्याचा नंबर बदलला असेल. बाईही म्हणाल्या, फट फारच बारीक आहे. मी ब्रश उचलला.

माझा हात कापत नव्हता. इतकी वर्षं हवं होतं, आणि ते असं, बापाच्या हातातून गळून माझ्या हातात आलं होतं. मला आनंद होत होता आणि तो झाल्याबद्दल स्वतःचा रागही येत होता. मी रंगात ब्रश बुडवला. मागून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू, मला एकटीला ऐकू येईल एवढाच.

"टाईलपेक्षा खडबडीत आहे हे. रंग थोडा पातळ घे."

मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या दिवशी डोळे झालेच नसते. म्हणजे दुपारी त्यांना झोप लागत नव्हती तर. किती वर्षं लागत नव्हती कोण जाणे. मी रंगात टर्पेंटाइनचा थेंब टाकला, पाहुण्याच्या समोर खाली बसले आणि त्याच्या हातातल्या नखीकडे बघितलं. तिथून नजरेची वाट उलटी वर नेली. उजवा डोळा झाला. मग डावा. दोन्हीकडे बुबुळाची नुसती खालची कड, आणि त्या कडेला लागून ओलेपणाची एक रेघ. पुसायची सोय नव्हती, त्यामुळे असेल, पण टाईलवर कधी आली नव्हती तशी ती रेघ आली.

मी बाजूला झाले. पळसुलेबाई पुढे आल्या. डावीकडे गेल्या, उजवीकडे आल्या, शेवटी गुडघे टेकून खालूनही बघितलं. पाहुण्याला त्यांचं काही नव्हतं. तो आपल्या कामात होता. बाई "हं" म्हणाल्या. एवढंच. मग पिशवी उघडली आणि रुमाल शोधायला लागल्या, तो काही त्यांना लवकर सापडला नाही.

विलास म्हणाला, चला, मी ट्रकवाल्याला फोन करतो, पोरांना पेंढा काढायला सांगतो. त्याचा जीव भांड्यात पडला होता. पण अण्णा जागचे हलले नाहीत. ते पुतळ्यासमोर येऊन उभे राहिले होते, सरळ, चपला काढून. मी आपसूक त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. आमच्याकडे डोळे आखून झाले की हात जोडतात. ज्याने डोळे काढले त्याने आधी जोडायचे, मग घरच्यांनी. पाहुण्याला पहिल्यांदा डोळे काढले तेव्हा अण्णांनी तसं काही केल्याचं ऐकलं नव्हतं, दार बंद होतं. पण लहानपणापासून मी दर मूर्तीच्या वेळी अशीच त्यांच्या पाठीशी उभी राहत आले होते. त्यांचे हात जुळायची वाट बघायची आणि मग आपले जोडायचे.

मी वाट बघत राहिले. त्यांचे हात खालीच होते.

विलास दारातून परत आला. अण्णा, हा काय देव आहे, असं त्याने हसतच विचारलं.

"डोळे झालेत ना?" अण्णा म्हणाले. मग बाजूला सरकून त्यांनी मला पुढे जागा करून दिली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आधी तू."

मी पुढे झाले आणि हात जोडले. मग अण्णांनी जोडले, मग विलासने. पळसुलेबाई भिंतीशी रुमाल हातात धरून उभ्या होत्या. पाहुणा मान खाली घालून त्याच्या नखीकडे बघत होता.